पाटलांच्या रेडिओतला वाल्व

अरे, रिठदजवळच्या एका खेड्यात विहीर सर्वांना खुली व्हावी म्हणून आम्ही सभा घेतली आणि ऐन वेळी अ‍ॅम्प्लिफायरचा वाल्व, म्हणजे आतली ती काचेची नळी, उडाला. विहिरीवर ज्यांना बंदी होती, त्यांच्यातला सखाराम पहिल्यांदाच बोलणार होता. तसला वाल्व वाशीमच्या दुकानातही नव्हता. होता फक्त पाटलांच्या रेडिओत.

"घेऊन जा, बापू. गावचंच काम हाये," पाटील हसून म्हणाले.

भोंगा सुरू झाला. सखाराम "आमाले पानी..." एवढंच बोलला, तोच पाटलांनी येऊन तो गरम वाल्व धोतराच्या सोग्यात धरून उपटला.

"पाटील, हे काय?" मी ओरडलो.

"बातम्याची येळ झाली. बोलू दे ना त्याले. तोंड थोडंच नेलं म्या त्याचं?"

सभेत इतकी शांतता होती, की सखारामचं बोलणं भोंग्याशिवायही सगळ्यांना ऐकू गेलं असतं. त्यानं पाटलांना हात जोडले आणि तो खाली बसला.