ड्रम अर्धाच भरायचा

भिंगरी : नाही नाही नाही, आई, झाकणाला हात लावू नकोस! आत हवा नाहीये. म्हणजे मुद्दामच नाहीये, पंपाने काढून घेतलीय.

आई : हवा काढली म्हणजे कोंबडी गुदमरणार का आता? ती परवाच गेली बिचारी.

मामा : ताई, विनोद चांगला होता. पण खरंच हात लांब ठेव. फिरतंय ते. आधीच बोटं दुखरी तुझी.

आई : बोटं नाही, मनगट. आणि तू फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, तुला हे कुठून सुचलं?

मामा : मला कुठे? तुझ्या लेकीला सुचलं. मी नुसता हमाल. एक मटणाचं दुकान बंद झालं, त्यांचा फ्रिज उतरवायला गेलो, तर कोपऱ्यात हे पडलेलं. झाकणाचं रबर फाटलं होतं, ते बदललं. बाकी ठणठणीत.

भिंगरी : मी सांगूनच ठेवलं होतं त्याला, असलं काही दिसलं तर सोडायचं नाही! आई, बघ ना, इतकं साधं आहे. स्टीलचा ड्रम, आतून तीन पट्ट्या. ड्रम फिरला की तुकडे पट्ट्यांवर चढतात आणि धप्पकन खाली पडतात. चढतात, पडतात, चढतात, पडतात. तू हाताने रगडतेस ना, तेच! आणि आत हवा नाही, म्हणून मांस सैल होतं आणि मसाल्याचं पाणी पटपट आत शिरतं. मांस मुरवायला तुझी अख्खी रात्र, ह्याची वीस मिनिटं.

आई : घरात एक भिंगरी पुरत नव्हती, म्हणून दुसरी आणलीत.

भिंगरी : ही शाळेत पण जात नाही.

आई : हे बघा, दोघंही ऐका. सोमवारी माझ्या हाताचं ऑपरेशन आहे. सहा आठवडे उचलायचं नाही, पिळायचं नाही, रगडायचं नाही. आज पाच वाजता मी रविवारच्या बाजाराच्या कारकुनाला फोन करणार आणि टपरीची जागा सोडते म्हणून सांगणार. ठरलंय.

भिंगरी : तुझं ठरलंय! माझं नाही ठरलं. तीन रविवार बंद राहिली की जागा पुढच्याला, हा नियम. बरोबर? पण तूच बसायला हवंस असं त्यात कुठेही नाही. टपरी उघडी हवी, एवढंच आहे. मी वाचलाय नियम. दोनदा. मागच्या पानासकट.

मामा : रांगेत पुढचं कोण आहे?

आई : मेणबत्त्यावाली.

भिंगरी : मेणबत्त्या! फाटकाजवळची जागा, आणि मेणबत्त्या! अकरा वर्षं लोक आईच्या सळयांवरच्या कोंबडीच्या वासाने बाजारात शिरतायत, मामा, आणि आता नाकात काय जाणार, तर लव्हेंडर!

आई : लव्हेंडरने कुणाचं पोट बिघडत नाही. वीस किलो मांस असतं बाई. शुक्रवारी रात्री रगडायचं, शनिवारी तीनदा खालचं वर करायचं. शनिवारी तुझी शाळा. टोप तुला जागचा हलत नाही.

भिंगरी : म्हणून तर हे! टोप नाही, रगडणं नाही. एका खेपेला दोन किलो, दहा खेपा, वीस-वीस मिनिटं. शाळेतून आले की दोनला सुरू, भरणं-पुसणं धरून साडेसहाला संपलं. मी वेळापत्रक केलंय. दाखवू?

आई : नको. तू दात घासायचंही केलं होतंस.

भिंगरी : आणि तीन दिवस पाळलं होतं!

मामा : झालं, वीस मिनिटं झाली. बंद करतो. आता ही चावी सोडायची, हवा आत जाऊ द्यायची, मग झाकण. घाई करशील तर उघडणारच नाही. हं, आलं.

भिंगरी : वास बघ, आई! आता ऐक माझं. तुझं कालचं टोपात आहे ना अर्धा किलो?

आई : आहे. डाव्या हाताने रगडलंय, पण रगडलंय.

भिंगरी : हे मी तुझ्याच मापाने केलंय. किलोला तुझी एक मूठ मीठ. मागच्या आठवड्यात तुला पाच वेळा मूठ भरायला लावली, आठवतं? वजन करत होते मी. सदतीस ग्रॅम.

आई : शाळेचं काहीतरी आहे म्हणालीस.

भिंगरी : मी "अभ्यास आहे" म्हणाले. अभ्यासच होता की! तर आता दोन ताटल्या, दोन्हीतला एकेक तुकडा तव्यावर, आणि तू डोळे मिटून खायचं. कुठलं कुठलं ते ओळखता आलं नाही, तर कारकुनाला फोन मी करणार, जागा सोडत नाही म्हणून.

आई : आणि ओळखलं तर?

भिंगरी : तर तू.

मामा : मी साक्षीदार. तवा तापवा.

(तुकडे भाजून होतात. आई खुर्चीवर डोळे मिटून बसते. चार वाजलेत.)

आई : हे कालचं. हे यंत्राचं.

भिंगरी : इतक्यात? चावलंस तरी का?

आई : चावायचं काय त्यात? जिभेला टेकवलं आणि कळलं. खारट आहे.

मामा : बघू बरं. अरे बाप रे! भिंगरे, हा तुकडा नाही, हा समुद्रकिनारा आहे.

भिंगरी : कसं शक्य आहे? ग्रॅमवर मोजलंय मी! तेच लिंबू, तीच मिरी, तोच लसूण. आणि मीठ तर आईच्याच मुठीचं! काटा खोटं बोलतो का?

आई : काटा बोलत नाही खोटं. तुकडाही नाही बोलत.

भिंगरी : ठीक आहे. हरले. कर फोन.

आई : करते.

भिंगरी : कर ना. मी कुठे अडवतेय?

आई : करते म्हटलं ना. एवढं सांग, ड्रममध्ये खाली पाणी किती उरलं होतं?

भिंगरी : थेंबही नाही. चाटूनपुसून साफ. मला वाटलं, वा!

आई : माझ्या टोपात सकाळी किलोमागे वाटीभर उरतं.

भिंगरी : मग त्याचं काय करतेस?

आई : काय करणार? मोरीत ओतते.

भिंगरी : मोरीत? आई! म्हणजे मुठीतलं निम्मं मीठ मोरीत जातं? अकरा वर्षं तू मोरी मुरवतेयस?

मामा : तरीच हिच्या मोरीला कधी मुंगी लागली नाही.

भिंगरी : पण हे मला सांगितलं का नाहीस कधी? मी सगळं विचारलं होतं. लिंबं किती, मिरी भरड की बारीक, सगळं!

आई : ते सांगायचं असतं हे मलाच कुठे माहीत होतं? टोप कलता करायचा, ओतायचं. त्यात सांगण्यासारखं काय? हात करतात.

भिंगरी : आणि हे यंत्र ओतत नाही. ते सगळं आत घालतं. मग मीठ कमी करायला हवं. किती? निम्मं?

आई : निम्म्याला जरा वर.

भिंगरी : जरा म्हणजे किती ग्रॅम?

आई : जरा म्हणजे जरा. आण ते मीठ इकडे. हे घे. ह्याचं कर वजन.

भिंगरी : एकवीस. लिहून ठेवते, एकवीस. थांब, पण मी हरले ना?

आई : हरलीसच. पण असला खारट तुकडा माझ्या नावावर ठेवून मी दवाखान्यात जायची नाही. दुसरं किलो काढ. आणि त्यावर घालायचं मसाल्याचं पाणी गाळून घे आधी. लसणाची सालं नुसती पोहतायत त्यात.

मामा : आणि मांस फ्रिजमधून काढलं की थेट ड्रममध्ये. बाहेर काढून गप्पा मारायच्या नाहीत.

भिंगरी : मामा, दोन किलो बसतं ना? मग कालच्यातलं उरलेलंही टाकू का, आणि हे, आणि हे?

मामा : दोन किलो म्हणजेच अर्धा ड्रम, त्याच्या वर नाही. पडायला जागा हवी त्याला. गच्च भरलास तर नुसतं गोल गोल फिरेल, मार बसणार नाही.

आई : हे पटलं मला. माझा टोपही मी कधी गळ्यापर्यंत भरत नाही.

भिंगरी : झाकण. पंप. चालू!

आई : हे सूं सूं कसलं वाजतंय?

भिंगरी : पंपाचा आवाज असतो तसा.

आई : मघाशी नव्हता.

मामा : हिचे कान बघ. पंपाचा काटा खाली येतोय, हवा आत शिरतेय कुठून तरी. बंद कर. रबरावरून बोट फिरव.

भिंगरी : आहे! लसणाचं साल. नखाएवढं!

आई : गाळ म्हटलं होतं ना?

भिंगरी : गाळलं की! हे बाहेर उडालेलं. पुसलं. पुन्हा चालू. आता नाही वाजत. वीस मिनिटं!

आई : वीस मिनिटं मी काय करू?

भिंगरी : बस.

आई : बसून काय करू?

मामा : ताई, माणसं नुसती बसतात. जगात चालतं ते.

आई : धपधप बरी वाजतेय. जरा सावकाश आहे माझ्यापेक्षा.

भिंगरी : मिनिटाला आठ फेरे. तुझे मोजलेत मी, तू दमल्यावर पाचावर येतेस.

आई : माझं काय काय मोजलंयस गं तू?

भिंगरी : तू रात्री हात झटकतेस ना मुंग्या आल्या की, तेही. पण ते लिहिलं नाही कुठे.

आई : हं.

मामा : चहा टाकू का?

आई : टाक. नाही, थांब. तुला एक विचारते. हे वीस मिनिटांत होत असेल, तर माझे अकरा वर्षांचे शनिवार गेले कुठे?

मामा : तेव्हा हे आपल्याकडे नव्हतं.

आई : एवढंच?

मामा : एवढंच. गॅसची गळती शोधायला माझ्याकडे आता यंत्र आहे, टूं टूं करतं. आधी नळीला साबणाचा फेस लावायचो आणि बुडबुड्याची वाट बघत तासन् तास उकिडवा बसायचो. गुडघे गेले त्यात. आता ते परत मागायला कुणाकडे जाऊ? यंत्र आलं तसं घेतलं, स्टूलही घेतलं.

भिंगरी : आई, मला तुझ्यासारखी मनगटं नकोयत. म्हणजे, तसं नाही, सॉरी. म्हणजे मला टपरी पण हवीय आणि मनगटं पण हवीयत.

आई : दोन्ही हवं.

भिंगरी : हो. दोन्ही का नको?

आई : मागच्या वर्षीपर्यंत गिऱ्हाईक आलं की टेबलाखाली बसायचीस. सुटे पैसे खालूनच वर द्यायचीस.

मामा : लोकांना वाटायचं टेबलालाच हात फुटलाय.

भिंगरी : ते मागचं वर्ष! आता मी सगळ्या शाळेसमोर बोलले, माईक बंद पडला तरी बोलले. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, विचारा कुणालाही.

आई : विचारायला कशाला हवं? हल्ली बंद कुठे होतेस तू.

भिंगरी : झाली! वीस! मामा, चावी. सावकाश, सावकाश, माहितीय मला. तवा तापलाय. आई, डोळे मीट.

आई : आता कसले डोळे मिटायचे? दे इकडे.

भिंगरी : बोल ना.

आई : गरम आहे. थांब.

भिंगरी : मामा, ही मुद्दाम करतेय.

आई : मीठ बरोबर आहे.

भिंगरी : आणि?

आई : मऊ आहे. कालच्यापेक्षा मऊ.

भिंगरी : आणि?

आई : आणि कडा करपल्यात. आच मोठी ठेवतेस. हाताला घाई आहे तुझ्या.

भिंगरी : ते शिकेन मी.

आई : शिकशील. फोन आण माझा.

भिंगरी : कशाला? आई, कशाला? पाचला दहा मिनिटं आहेत अजून.

आई : आण म्हटलं ना. ...हॅलो, नमस्कार. हो, फाटकाजवळची. नाही हो, सोडायला नाही केला फोन. सहा रविवार माझी मुलगी बसेल. पंधरा वर्षांची. सोबत मोठं माणूस आहे की, माझा भाऊ. फ्रिजवाला. हो, तोच, तुमच्या ऑफिसातलं पाण्याचं मशीन ज्याने... अजून गळतंय? बरं, येईल तो, येतानाच बघेल. ठेवते.

मामा : मला कुणी विचारलं का?

आई : रविवारी तुला काय काम असतं?

मामा : झोप.

आई : तिथे स्टूल आहे.

भिंगरी : आई! आई आई आई! मी तुला मिठी मारू? डावीकडून मारते, मनगट सोडून!

आई : पुरे. ऐक आधी. वीस किलो नाही. दहाच. पाच खेपा, आणि अभ्यास त्याच्यानंतर नाही, त्याच्याआधी.

भिंगरी : दहा किलो बारा वाजताच संपेल!

आई : संपू दे. संपलं की पाटी लावायची आणि घरी यायचं.

भिंगरी : पंधरा?

आई : मेणबत्त्या?

भिंगरी : दहा. दहा छान आहे. दहा एकदम मस्त आकडा आहे.

आई : आणि उद्या माझ्यासमोर तव्यावर वीस तुकडे भाजायचे. एकाचीही कड काळी झाली, तर पुन्हा वीस.

मामा : खाणार कोण एवढे?

आई : तू. साक्षीदार आहेस ना?

भिंगरी : आणि रविवारी तू काय करणार? म्हणजे ऑपरेशन झाल्यावरच्या रविवारी?

आई : झोपणार. मला उठवायचं नाही कुणी.

भिंगरी : नाही उठवणार. शप्पथ.

आई : आणि मी आपली आपण उठले, एप्रन घालून दारात आले, तर मागची गाठ मारून द्यायची नाही. एका हाताने मला ती बसणार नाही, मग राहीन घरीच.