हळदीचं पाणी

(कामण गाव. घरामागची विहीर. उद्या दिपिकाची हळद. आई सत्यवती काठावर, हातात कळशी.)

सत्यवती : बघ, परत तांबडंच पानी! तुझ्या शत्रुघ्नकाकानं हितं रंगाचे डबे धुतले नसते तर ही पाळी आली नसती.

दिपिका : आई, काकाने काही नाही केलं. तेच सांगायला आलेय.

सत्यवती : मंग कोनी? सातिवलीला रंगाचा गाळा कोनाचा हाय?

दिपिका : परवा मी बाटली भरून कॉलेजच्या लॅबमध्ये नेली ना? मायक्रोस्कोपखाली बघितलं. जिवाणू आहेत. जमिनीतल्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं, दिसत नाही. वर येऊन जरा हवा लागली की हे जिवाणू त्याचा गंज करतात. तोच हा बुळबुळीत गाळ.

सत्यवती : येवढी वरसं कुठं होते ते?

दिपिका : असतीलच थोडे. पण नळ आल्यावर तू विहिरीवर फळ्या टाकल्यास. कोणी पाणी शेंदलंच नाही. साचत गेलं सगळं.

सत्यवती : वासरू पडंल म्हनून टाकल्या गं!

दिपिका : तुला नाही बोलत. ह्यात कोणाचीच चूक नाही.

सत्यवती : असं नको बोलू. साखरपुड्याला फळ्या काढल्या, तांबडं पानी दिसलं, नि मी त्याला चारचौघांत बोलले, विहिरीत विष कालवनारा माझ्या पोरीच्या हळदीला नको. भरल्या ताटावरून उठला तो.

दिपिका : माहितीये. मी तिथेच होते.

सत्यवती : उपसून टाकू. ब्लीचिंग टाकू.

दिपिका : थोडे दिवस साफ दिसेल. झऱ्यातून लोखंड येतच राहणार, आई. आणि हळद उद्या आहे.

सत्यवती : हळदीचं पानी काकानं शेंदायचं, ही आपल्या घरची रीत. आता पानी पन नाय नि काका पन नाय. माझंच तोंड जळो. फोन लाव त्याला.

दिपिका : सकाळपासून लावतेय. शेवटी काकीने उचलला.

सत्यवती : सांगितलंस ना, जिवानूंचं?

दिपिका : सांगितलं. तिने काकाला ऐकवलं.

सत्यवती : मंग?

दिपिका : म्हणाला, पोरी, सुखी राहा. जिवाणू बघायला मशीन लागतं. मी कसा आहे ते वहिनीला लग्न होऊन आल्यापासून दिसत नव्हतं का?

सत्यवती : (रिकामी कळशी काठावर ठेवते.)

दिपिका : आई, नळाचं घेऊ या उद्या. चालतं गं.

सत्यवती : घे. पन फळ्या नको टाकू आता. दोर पन काठावरच राहू दे.

दिपिका : तो येणार नाहीये, आई.

सत्यवती : राहू दे गं दोर.