इंदूबाई लहानू बोंद्रे यांच्या दुबार नोंदीबाबत

दि. २१/११/२०२५, सकाळी ११.३०

नाव देवराव माणिकराव भोयर, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी, रा. झिंगाबाई टाकळी, नागपूर.

मी आपण होऊन ठाण्यात आलो असून विचारल्यावरून सांगतो की, नागपुरातील सदर भागात एका धर्मादाय संस्थेच्या कार्यालयात मी अकरा वर्षांपासून संगणकाचे काम पाहतो. संस्थेचे खापा येथे बायकांच्या तपासणीचे केंद्र आहे. तेथील नोंदी दर शनिवारी मी सदरच्या संगणकात घेतो. जुन्या नोंदी नव्यांसोबत पुन्हा पुन्हा येतात. एक बाई दोनदा चढू नये म्हणून नियम मीच बसवला आहे. कार्ड क्रमांक, नाव, नवऱ्याचे नाव आणि जन्मतारीख जुळली की नवी नोंद होत नाही, जुनीतच भर पडते. रक्तगट माणसाचा बदलत नाही, म्हणून पहिला असेल तोच राहतो. वेगळा आल्यास संगणक नाकारतो आणि नाकारलेल्यांची यादी काढतो. ती यादी कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

दि. १५/११/२०२५ रोजी दुपारी वीज गेल्याने काम अर्धवट राहिले. काय चढले, काय राहिले हे पाहण्यासाठी मी यादी उघडली. इंदूबाई लहानू बोंद्रे, रा. खापा, हिची ओळ बारा वेळा होती. आमच्याकडे ओ पॉझिटिव्ह, खाप्याहून बी निगेटिव्ह. मी जुन्या प्रती काढून पाहिल्या. दि. ०९/०१/२०२५ पर्यंत तिची उंची १५८ सें.मी. होती. दि. १२/०६/२०२५ पासून १४९ आहे. मधले पाच महिने ती आलेली नाही. जन्मतारीख १ जुलै. ती आमच्या भागात अनेकांची आहे. माझीही शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली होती.

सोमवारी खाप्याच्या सिस्टर अपेक्षाताई यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "देवरावभाऊ, तुमचं कम्प्युटर बाईचं रक्त बदलवते काय? मी दर खेपेले बी निगेटिव्ह भरतो, तुमच्याकडून ओ वापस येते." बाईला आठवा महिना असल्याचे त्यांनी सांगितले. बाळंतपणात कार्ड पाहून चुकीचे रक्त दिले असते.

काल दि. २०/११/२०२५ रोजी अपेक्षाताईंनी तिला बोलावले. नवरा बाहेर मोटरसायकलवर बसला आहे, असे त्यांनी मला सांगितले. त्यांनी मला लावलेला फोन चालूच होता, त्यामुळे बोलणे मी ऐकले. ताईंनी विचारले, "वं, हे कार्ड तुयंच हाये काय?" ती म्हणाली, "मायंच. लग्नात ताटातल्या तांदळावर त्यायनं इंदूबाई लिहिलं. कार्ड हायेच म्हणे, नवीन काहून काढतं?"

लग्नात नवरीचे नवे नाव तांदळावर लिहितात. त्यात मला वावगे वाटले नसते.

ताईंनी पहिली कुठे आहे असे विचारले. ती म्हणाली, "म्या पुसलं एकडाव. तं म्हणे, पहिली कोण? पहिली तूच होय." पुढे म्हणाली, "चपला बी तिच्याच हायेत, ताई. चालताना मांगून कोणी येऊन राहिलं असं वाटते." ताईंनी माहेरचे नाव विचारले. ती मेघा म्हणाली, आणि लगेच, लिहू नका म्हणाली.

पहिल्या इंदूबाईचे माहेर कन्हानचे. कार्डावर तिचा भाऊ वसंत याचा नंबर आहे. मी काल सायंकाळी त्याला फोन केला. बहीण मागच्या दिवाळीपासून, म्हणजे वर्षभर, आलेली नाही असे तो म्हणाला. काळजी कशी वाटली नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "काहून वाटंल? तुमच्याकडून दर पंधरा दिवसांनी मॅसेज येते नं, इंदूबाईची तपासणी झाली, आठवा महिना, प्रकृती ठीक हाये. मायनं तं बाळंतविडा करून ठेवला."

तो मॅसेज संगणक आपोआप पाठवतो. मजकूर मी लिहिलेला आहे.

काल घरी मी देवापुढे दिवा लावला, परंतु नेहमीप्रमाणे तेथे बसलो नाही.

अपेक्षाताईंनी दुसऱ्या बाईला रात्रीच नागपूरच्या दवाखान्यात दाखल केले असून खरा रक्तगट केसपेपरवर हाताने लिहून घेतला आहे. लहानू बोंद्रे तेथे वॉर्डाबाहेर बसून आहे. जुन्या प्रती व नाकारलेली यादी मी सोबत आणली आहे. मॅसेज मी आज सकाळी बंद केला. वसंतला अद्याप काही सांगितलेले नाही.

माझा जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'मयत इंदूबाई' असे टंकले गेले होते, ते मी खोडावयास सांगितले. ती मयत असल्याचे मला माहीत नाही. त्या जागी 'पहिली इंदूबाई' असे लिहून घेतले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.