भुईकाट्यावरचं शून्य

नाही ताई, खुर्ची जरा तिरकी घ्या, मला पडदा दिसला पाहिजे. राग मानू नका, पण या कॉम्प्युटरला दुरुस्तीसाठी कोणी हात लावला तरी मी आता टक लावून बघतो. हां, हाच काळा पडदा. मी खाली गाडीचा नंबर टाकतोय, ती लुकलुकणारी रेघ माझ्यापाशी — बरोबर? आणि तिकडे वर कोपऱ्यात काट्यावरच्या गाडीचं वजन बदलतंय. रेघ इथे, मग तिकडे लिहितो कोण? — काय, तीच? इथून उडी मारून वर जाते, वजन लिहिते, परत येते, आणि आपल्याला पत्ताच नाही? तिला जा म्हणून सांगतं कोण — एस्केपची खूण, पुढे ओळ, पुढे रकाना... म्हणजे गुपचूप निरोप धाडायचा. अर्हमही हेच सांगायचा. अर्हम, माझा मुलगा, या काट्याचा प्रोग्राम त्यानेच बनवलाय. आता धुळ्याला असतो, देवपुरात, मित्राकडे. स्वतःहून गेला — तिकडे कामं जास्त ना.

झालं काय, प्रोग्राम नवा बसवला त्याच दिवशी कौतिक आबांची मक्याची ट्रॉली आली. भरलेली दहा हजार चारशे वीस किलो. मका उतरवून आले — रिकामी साडेएकतीस हजार. रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा जड, ऐकलंय कधी? आबा सगळ्या गाडीवाल्यांसमोर म्हणाले, "शेठ, तुमना काटा खोटा शे." आमच्या वडिलांपासून हे कोणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, पोराने काहीतरी हातचलाखी केली आणि ती उघडी पडली. तो आपला म्हणतोय, "पप्पा, वजन तीन हजार एकशे पन्नासच आहे, शेवटचं शून्य मागच्या आकड्याचं राहिलंय." असं कुठे असतं? नवं लिहिलं की जुनं जातंच — नाही जात? पाच आकड्यांवर चार लिहिले तर पाचवा तसाच उरतो? पुसायचा हुकूम वेगळा द्यावा लागतो? मग तेव्हाच नीट समजावून सांगायचं ना — हां, आता चारचौघांत बापाचा हात गालावर पडल्यावर कोण समजावत बसणार. आईला सांगून गेला. मला नाही.

थांबा. एवढा लांबलचक प्रोग्राम, आणि तुम्ही सरळ त्याच ओळीवर कशा गेलात? कॉम्प्युटरचा दुकानवाला जळगावचा माणूस पाठवतो म्हणाला होता, आणि तुमची बोली तर धुळ्याची, शिंदखेड्याकडची. शिकलात कुठे? — देवपूरला. वाटलंच मला. दुकानाला फोन आमच्या मंडळींनी लावला, "तुम्ही बसा, मी बोलते" म्हणाल्या, तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. इकडे बघा. ती ओळ त्यानेच सांगितली ना? नुसती मान हलवलीत तरी चालेल.

हं.

बरा आहे का? आपल्या जैनांच्या रीतीने दिवस मावळायच्या आत जेवतो, की तिकडे तेही सोडलं? — असू द्या. मी सहज विचारलं.

दुरुस्ती झाली ना? आता ती काढा. हो, काढा, होतं तसंच करून ठेवा. गाड्या मी दुसऱ्या काट्यावर पाठवीन, तुमची मजुरी पूर्ण मिळेल. पण ते शून्य ज्याचं राहिलंय त्याने इथे येऊन, या खुर्चीवर बसून पुसायचं. त्याला म्हणावं, पप्पा म्हणतात चूक तुझी आहे, येऊन निस्तर. एवढंच सांगा. मी बाकी काही विचारलं ते सांगू नका. उठा आता, खुर्ची मोकळी करा.