लांडग्याची कॅसेट

लातूर जिल्हा नवा होता आणि साल दुष्काळाचं. चाकूरच्या स्टँडवर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं लातूरच्या गाडीची वाट पाहत बसलं होतं.

“गुरम्मा, लांडग्याची कॅसेट घेतलीस ना?”

“हाव. पदरात बांधलीय.”

“लातूरच्या कचेरीतला साहेब म्हणतो, तुमच्या माळावर लांडगाच न्हाई. म्हणून माळ खडीच्या खाणीला देऊन टाकतो.”

“मग ऐकवा की त्याला. तुम्ही तर या कॅसेटवर पोरीच्या लग्नातली गाणी भरायला निघाला होता!”

“लई खटपट केली. भरलीच न्हाईत.”

“कशी भरतील? कॅसेटच्या मागची प्लास्टिकची खिट्टी मीच मोडली होती, वर दुसरं काही भरून लांडग्याचा आवाज पुसला जाऊ नये म्हणून.”

“तुझी शेळी नेली त्या लांडग्यानं, तरी?”

“माझी शेळी खाल्ली म्हणून तर आवाज इतका खणखणीत हाय!”