वाक्यात उपयोग करा

मुलाखतीच्या खोलीबाहेर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीला नर्स म्हणून परदेशी जायचं होतं. थोरली तिच्याकडून इंग्रजी शब्द घोटून घेत होती. सोबत आलेल्या शेजारच्या शिंपीणबाई पोथी ऐकावी तशा ऐकत होत्या.

“‘रिलाय’, विसंबून राहणं. वाक्य कर, मग इंग्रजीत लिही.”

“आई औषधांसाठी माझ्यावर विसंबून असते.”

“बरं. ‘रिफ्यूज’, नकार देणं.”

“आई दुसऱ्या कुणाच्या हातून जेवायला नकार देते.”

“अगं, आईचा पिच्छा सोड. ‘मॅनेज’, निभावून नेणं.”

“हे तू कर, ताई.”

“मुलाखत तुझी आहे.”

“घरी तर तूच राहणार आहेस ना?”

“…आई माझ्याशी भांडेल, पण जेवेल.”

“यात निभावणं कुठं आलं?”

“सगळं आलं त्यात. ऊठ, तुला बोलावताहेत.”

शिंपीणबाईंनी पाय आवरून धाकटीला वाट दिली.