ताईसाठी पाहिलेली जागा

सांगतो, पण माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. वृद्धाश्रमात विचारायच्या माझ्या यादीत बत्तीस प्रश्न होते असं वाटतं, जास्तही असतील. माझी थोरली बहीण, ताई, पडल्यापासून अंथरुणालाच होती. जागा चुकली तर दोष माझा, या धास्तीने मी अमरावतीचे तीन वृद्धाश्रम नापास केले. अकोल्याच्या चौथ्या ठिकाणी संडासातले धरायचे दांडे हलवून पाहिले, गाद्या उलटल्या, नर्सला औषधांच्या वेळा दोनदा विचारल्या.

सोबत फिरून तिथल्या मावशी दमल्या आणि एका खाटेवर बसल्या.

"सर, एवढं तर पोरगी देतानाबी कोणी पाहात नाही."

"दोनच प्रश्न उरलेत."

"इचारा. पण तुमी राहता कुठं?"

"अमरावतीला, राजापेठेत."

"मंग ताईले भेटाले कवा-कवा येसान?"

"दर रविवारी."

"ज्याले इचारलं तो रविवारच सांगते, सर," मावशी म्हणाल्या आणि उठून कामाला लागल्या.

जागा चांगलीच निघाली. ताई तिथे चार वर्षं राहिली, तिने कधी तक्रार केली नाही. ती गेल्यावर सामान आणायला गेलो, तेव्हा भेटीला येणाऱ्यांची वही चाळली. त्यात येण्याजाण्याच्या वेळा लिहिलेल्या असतात. मला संशय होताच, तिथे खात्री झाली. जागा तपासायला गेलो त्या दिवशी मी तीन तास थांबलो होतो. ताईला भेटायला गेलो तेव्हा एकदाही तासभर थांबलो नव्हतो.